हरणटेकची वीतभर कोरी जागा

या टेकडीचं नाव हरणटेक, आणि तिच्यावरूनच गावालाही तेच नाव पडलं. पायथ्याशी जे सपाट, सारवलेलं, ओलसर अंगण दिसतंय, ते कोणाच्या घराचं अंगण नाही. ते टेनिसचं कोर्ट आहे. बूट इथेच काढा. हो साहेब, तुम्हीही. चिंचेखाली ठेवा, इथे कोणी नेत नाही. आता कडेकडेने माझ्यामागून या. पूर्वेच्या टोकाला ती पांढरी रेघ दिसते? कोर्टाची शेवटची रेघ ती. तिच्या आतल्या अंगाला, डाव्या कोपऱ्यापासून दोन हातांवर, वीतभर जागा कोरी सोडलेली आहे. सगळ्या कोर्टाला शेण लागलंय, तेवढ्या जागेला नाही. तिथला मुरूम उघडा आहे आणि पावसापाण्याने थोडा खचलाही आहे. आज रथसप्तमी. वर्षातून एकदा, आजच्या दिवशी, गावातल्या बाया हे कोर्ट सारवतात, दोरी ताणून चुन्याच्या रेघा मारतात, नेट बांधतात आणि घरी जातात. खेळत कोणी नाही.

असं का, ते सांगायला नगरपालिकेने मला बोलावलं. निरोप आला की क्रीडा मंडळाचे आणि संस्थानच्या ट्रस्टचे पाहुणे येणार आहेत, गुरुजी, तुम्ही जरा दाखवा. मी इथल्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवलं. शिकवताना रागवायचो, अजूनही रागावतो. तुमचं पत्रक मी काल वाचलं. कागद गुळगुळीत आहे, फोटोही चांगले आहेत. हरणटेकचे सामने पुन्हा सुरू करायचे, या मातीवर निळं रबरी कोर्ट अंथरायचं, जुनी ढाल काचेच्या कपाटात ठेवायची. ठीक आहे. पण चौथ्या पानावर एक ओळ आहे : ‘अखेरचे विजेते, श्रीमंत धाकटे सरकार.’ ती ओळ वाचली आणि मी ताटावरून उठलो. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, बोलताना माझा आवाज चढला तर राग मानू नका. मानलात तरी माझी हरकत नाही. तुमच्यातले दोघे त्या घरचे आहेत हे मला ठाऊक आहे.

तो जिमखान्याच्या भिंतीवरचा फलकही वाचून घ्या. ‘महायुद्धाच्या काळात चेंडूंचा तुटवडा झाल्याने सामने बंद पडले.’ चेंडूंचा तुटवडा! एका खोट्यावर पांघरूण घालायला दुसरं खोटं, तेही संगमरवरात कोरलेलं. चेंडू त्या वर्षी पेट्याच्या पेट्या पडून होते. तुटवडा झाला तो निराळ्याच गोष्टीचा.

असं सांगतात की संस्थानचे थोरले अधिपती दाजीसाहेब यांना या खेळाचं वेड बाहेरगावाहून लागलं. परत आले ते कोर्ट बांधायचंच म्हणून. पण हरणटेकची जमीन मुरमाड. हिरवळ लावली, जळून गेली. विटांचा चुरा टाकला, वाऱ्याने उडाला. गोऱ्या इंजिनिअरने हात झटकले आणि इथे कोर्ट होणार नाही असा शेरा मारला. तेव्हा म्हणे, जिची ही गोष्ट त्या सारजेची आई, जी राजवाड्यातली जोती आणि अंगणं सारवायची, ती बादली खाली ठेवून म्हणाली, “सरकार, खळं कसं करताव आमी? तसं करा की.”

तुम्ही शहरातले, म्हणून सांगतो. खळं म्हणजे मळणीची जागा. जमीन ठोकून, पाणी मारून, शेण, चिकणमाती आणि भुसा कालवून थरावर थर सारवतात, की दाणा फुटत नाही आणि मातीत हरवतही नाही. तसंच हे कोर्ट झालं. चेंडू छान उडायचा. आणि एक गोष्ट कोणाच्या मनात नव्हती तीही झाली. पहाटे सारवलेल्या थरावर चेंडू जिथे पडेल तिथे त्याचा गोल ठसा उमटायचा. रेघेवर पडला तर ठशात चुना मिसळायचा. आत की बाहेर, हा वादच उरला नाही.

खळ्यावर चप्पल घालून कोणी जात नाही. रास मोजताना खोटं बोललं तर रास घटते, असं आपल्याकडे मानतात. दाजीसाहेब ते मानणारे होते. पहिल्या रथसप्तमीला त्यांनी गावासमोर ओल्या सारवणावर पंजा टेकवला आणि शपथ घेतली. “हे खळं आहे. इथे ठसा म्हणेल ते खरं. ज्याच्या बाजूला चेंडू पडेल त्याने वाकून बघायचं आणि स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मी इथे ठशाच्या वर नाही. ज्या दिवशी या जागेवर ठसा लपवला जाईल, त्या दिवशी हा खेळ इथून उठेल.” असं म्हणे ते बोलले, आणि त्याच वर्षी अंतिम सामन्यात बेळगावच्या एका वकिलाचा चेंडू त्यांच्या रेघेवर पडला. शेवटचा गुण होता. पंचाला नीट दिसलं नव्हतं. दाजीसाहेब गुडघ्यावर बसले, वाकले, बघितलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आत.” हरले. ढालीवरचा पहिला चांदीचा पत्रा त्या वकिलाच्या नावाचा आहे. खुद्द राजा आपल्या तोंडाने हरला, ही कीर्ती अशी पसरली की पुढे सतरा वर्षं कोल्हापूर, सोलापूर, धारवाड, कुठकुठून खेळाडू यायचे. आठ दिवस सामने चालायचे आणि रथसप्तमीला ढाल द्यायचे. दरवर्षी विजेत्याच्या नावाचा एक पत्रा ढालीवर ठोकायचा. लोक याला ढालीचे सामने म्हणत.

या सगळ्याचा भार अकरा बायांच्या हातांवर होता. माझी थोरली आत्या, अनसाआत्या, त्यातली एक. आईच्या मागे सारजा त्यांची पुढारीण झाली. पहाटे उलट्या पावलांनी मागे सरकत अकरा जणी अख्खं कोर्ट सारवत. सामना सुरू झाला की भिंतीशी बादल्या घेऊन बसत. खेळाडूंच्या बुटांनी कुठे थर उचकटला, ढलप्या निघाल्या, की जिमखान्याचे चिटणीस हाक मारत. जिचं नाव येईल तिने खाली मान घालून धावत जायचं, दोन हात मारायचे आणि खाली मान घालून परत यायचं. खेळाडूंकडे बघायचं नाही, पंचाकडे बघायचं नाही, विचारायचं नाही. आत्या म्हणायची, “आमाला बगायची सवंच नव्हती रं. हाक आली की हात चालायचा.” ही सवय ध्यानात ठेवा. सगळा घात तिनेच केला.

सारजेचा धाकटा भाऊ हैबती. आईबाप गेले तेव्हा तो सात-आठ वर्षांचा पोर होता, तिनेच त्याला वाढवला. मोठा झाल्यावर तो जिमखान्यात मार्कर म्हणून लागला. मार्कर म्हणजे सभासदांना सराव देणारा नोकर. सकाळी सातपासून सभासद येतील तसं त्यांच्याशी खेळायचं, त्यांना धाप लागली की थांबायचं, आणि जिंकायचं मात्र नाही. दहा वर्षं हा माणूस रोज मुद्दाम हरत होता. त्याच्या हातात काय आहे हे सगळ्या जिमखान्याला माहीत होतं आणि एकही सभासद ते बोलून दाखवत नव्हता. नोकराला सामन्यात घेत नसत.

अठराव्या वर्षी दाजीसाहेब अंथरुणाला खिळले होते. असं सांगतात की त्यांनी पडल्यापडल्या सामन्यांची यादी मागवली, वाचली, आणि विचारलं, “यात हैबतीचं नाव का नाही? तो या मातीतला नाही का?” चिटणिसांनी नियम सांगितला. दाजीसाहेब म्हणाले, “नियम मीच केला होता. त्यात फक्त ठसा लिहिलाय, नोकर-मालक लिहिलेलं नाही.” हैबतीचं नाव घातलं गेलं. चिटणिसांनी ते घातलं खरं, पण ज्या चेहऱ्याने घातलं तो चेहरा आत्या मरेपर्यंत विसरली नाही.

हैबती जिंकत गेला. धारवाडचा हरला, सोलापूरचा हरला. रथसप्तमीला समोर उभे राहिले खुद्द धाकटे सरकार, दाजीसाहेबांचे चिरंजीव. मंडपात दोन साहेब, तीन संस्थानिक, खुर्च्यांच्या चार रांगा. भिंतीवर आणि चिंचेवर गाव. चारशे माणूस सहज असेल.

आणि सारजा? ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, कोर्टाकडे पाठ करून. आठ दिवस तिने भावाचा एकही सामना बघितला नाही. आपलीच नजर लागेल, आपलीच दृष्ट भारी, असं तिच्या मनाने घेतलं होतं. आईविना वाढवलेल्या पोराला सगळ्यात आधी आपल्याच माणसाची दृष्ट लागते म्हणतात. तिने देवीला बोलून ठेवलं होतं, हैबती ढाल घेऊन समोर येईल तेव्हाच वर बघेन, तोवर नाही. त्या दिवशी तर तिचा उपासही होता. टाळ्या पडल्या की अनसाआत्या हळूच तिच्या मांडीला हात लावायची. एकदा लावला तर हैबतीचा गुण, दोनदा लावला तर सरकारचा. असा तिने अख्खा सामना मांडीवर मोजला.

ऊन कलायला लागलं. शेवटचा डाव, आणि हैबतीला एकच गुण हवा होता. त्याने चेंडू मारला तो सरकारांच्या बाजूला, इथे, या पूर्वेच्या रेघेशी. टप्पा पडला आणि चुन्याची भुकटी उडाली, असं भिंतीवरच्या लोकांनी नंतर शपथेवर सांगितलं. नंतर! तेव्हा कोणाच्या तोंडून अक्षर निघालं नाही. रेघेवरच्या पंचाने आधी चिटणिसांकडे बघितलं आणि मग म्हणाला, “बाहेर.”

हैबतीने रॅकेट खाली केली. “ठसा बगावा सरकार,” एवढंच म्हणाला.

धाकटे सरकार वाकले. चारशे माणसांदेखत वाकले, गुडघा टेकून बघितलं. वडिलांना एक क्षण लागला होता, यांना फार वेळ लागला. मग उभे राहिले, टॉवेलने तोंड पुसलं, आणि मंडपाकडे बघत राहिले. आत म्हणाले नाहीत, बाहेरही म्हणाले नाहीत. मला विचाराल तर माझा सगळा राग त्या टॉवेलावर आहे. सरळ ‘बाहेर’ म्हणाले असते तर निदान खोटं बोलणारा माणूस तरी म्हटलं असतं. पण यांना खोटं बोलायचं पाप नको होतं आणि खरं बोलायची लाजही नको होती. ते वाट बघत राहिले, कोणीतरी दुसऱ्याने हात घाण करावेत म्हणून.

ते चिटणिसांनी केलं. मंडपातून आवाज दिला, अगदी रोजचा, कामाचा आवाज. “त्या कोपऱ्यात ढलप्या निघाल्यात. सारजे, सारवून घे.”

दहा जणी कोर्टाकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी टप्पा पडलेला बघितला होता, त्यातली कोणीही क्षणभर थांबली असती. हाक मात्र त्या अकरावीला गेली, जिला काहीच माहीत नव्हतं. ती पाठ करून बसते हे चिटणीस आठ दिवस बघत होते. त्यांनी बरोबर हेरलं होतं. आत्या तिचा पदर धरायला गेली, पण सारजा उठलीसुद्धा होती. खाली मान, हातात बादली. धावत गेली, उकिडवी बसली आणि दोन हात मारले. एवढंच.

दुसरा हात फिरताना तिच्या तळव्याला गोल खळगा लागला, आणि हात उचलला तर बोटांना चुना. शेण हिरवं, चुना पांढरा. ती तशीच बसून राहिली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिने मान वर केली. समोर टॉवेल धरून सरकार उभे, आणि नेटच्या पलीकडे भाऊ.

असं सांगतात की ती उठली ती हात वर करूनच. “चुना हाय ह्यो! बगा! रेघंवर पडलावता चेंडू. आत व्हता!”

चिटणीस हसले. “रेघा कोण मारतं? तुम्हीच ना? मग सारजे, हाताला चुना लागणार नाही तर काय अत्तर लागणार?” मंडपातले दोघेतिघे हसले. चारशे माणसं मूग गिळून बसली. त्यात माझे आजोबाही होते. मी कोणाला सोडत नाही.

हैबती नेटपाशी आला. सरकारांशी तो दहा वर्षं रोज खेळला होता, हात धरून त्याने त्यांना फटके शिकवले होते. तो म्हणाला, “सरकार, तुमी बगितलंय. तुमी म्हनाल ते मला मान्य. भाईर म्हना, मी परत खेळतो.”

धाकटे सरकार म्हणाले, “आता ठसाच राहिला नाही, तर मी काय सांगू?”

घ्या! हे तुमचे अखेरचे विजेते. छापा चौथ्या पानावर, मोठ्या अक्षरात छापा.

हैबतीने रॅकेट या रेघेवर आडवी ठेवली. पंचाला नमस्कार केला. जाताना बहिणीपाशी थांबला. ओरडला नाही, रागावलाही नाही, आणि आत्या म्हणायची तेच जास्त लागलं. “आक्का,” तो म्हणाला, “सारवायच्या आदी येकडाव बगितलं तरी अस्तंस.” आणि मागच्या फाटकाने निघून गेला. कोणी म्हणतं पलटणीत भरती झाला, कोणी म्हणतं हुबळीकडे रेल्वेच्या कारखान्यात त्याला बघितला. हरणटेकला तो पुन्हा आला नाही. सारजेला त्याचं पत्र नाही, निरोप नाही. तिने काय केलं आणि काय नाही, हे त्याला समजावून सांगायलाही तो उरला नाही. ज्या हाताने घास भरवला त्याच हाताने तिने त्याचा विजय पुसला होता, आणि तो गेला तो हेच मनात घेऊन.

चिटणिसांनी सरकारांना विजयी जाहीर केलं. टाळ्याही झाल्या. पण दाजीसाहेबांच्या कानावर गेलं तेव्हा ते म्हणे पालखीतून इथे आले. सारजेला समोर बोलावलं. ती रडत म्हणाली, “सरकार, तुमी तरी आत म्हना.” दाजीसाहेबांनी मान हलवली. “बाई, मी बघितलं नाही. न बघता मी कसं म्हणू?” मग त्यांनी लेकाकडे बघितलं. लेक जमिनीकडे बघत होता. दाजीसाहेबांनी सोनाराला सांगितलं की या वर्षीचा पत्रा ठोका, पण त्यावर काही कोरू नका. महिन्याच्या आत ते गेले. तो अठरावा पत्रा आजही कोरा आहे. तुमच्या पत्रकातल्या फोटोत ढाल थोडी तिरकी धरलीय, म्हणून तो दिसत नाही. फोटो काढणारा हुशार दिसतो.

पुढच्या वर्षी सामन्यांची दवंडी झाली. अकरा जणी आल्या, सगळं कोर्ट सारवलं, आणि ही वीतभर जागा सोडून उठल्या. चिटणीस धावत आले. सारजा म्हणाली, “ज्यानं बगितलंय त्यानं हितं वाकावं आन तोंडानं आत म्हनावं. मग सारवते. तवर न्हाई.” तिला कामावरून काढलं. दहा जणी तिच्यामागून चालत्या झाल्या. दुसऱ्या गावांहून बाया आणल्या. त्यांनी ही जागा सारवली, पण म्हणे दुपारपर्यंत तेवढाच थर पापडासारखा वळला आणि वाऱ्याने उडाला. पुन्हा सारवला, पुन्हा उडाला. मुरूम भरला, तो खचला. इथे पडलेला चेंडू उसळेच ना, जागीच मरायचा. कोल्हापूरचे खेळाडू दोन दिवसांत परत गेले. हरणटेकला आता ठसा मानत नाहीत, ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. त्याच्या पुढच्या वर्षी आलेच कोणी नाही. दाजीसाहेबांची शपथ खरी झाली. खेळ इथून उठला.

गाव म्हणतं देवीचा कोप. मी आत्याला एकदा विचारलं होतं, खरंच थर उडाला का गं? ती सुपारी कातरत म्हणाली, “शेनात माती कमी घातली की पापुद्रा सुटतोच. बाजाराच्या दिशी त्या बायांस्नी आमी समदं सांगितलंवतं.” वर म्हणाली, “देवी न्हवती असं मी म्हनत न्हाई. तिला हात कुनाचे तरी लागत्यातच की.” तुम्हाला जे पटेल ते घ्या.

पुढे संस्थानं गेली, चिटणीस गेले, जिमखान्याचं छप्पर गेलं. सारजा मात्र दर रथसप्तमीला बादली घेऊन यायची, आणि दहा जणी तिच्याबरोबर. सगळं कोर्ट सारवायचं, ही जागा सोडायची. आता ती पाठ करून बसत नव्हती. काम झालं की कोर्टाकडे तोंड करून दिवस मावळेपर्यंत बसायची. एका रथसप्तमीला, मी तेव्हा शाळेत नवा लागलो होतो, फाटकाशी मोटार थांबली. धाकटे सरकार उतरले. थकले होते, हातात काठी. त्यांनी बूट काढले, हे मी स्वतः बघितलंय, आणि कडेने चालत इथवर आले. सारजा उठली. तिचेही केस पांढरे झाले होते. तिने बादली या रेघेशी ठेवली, शेणात हात घातला आणि तसाच धरून म्हणाली, “वाका सरकार. तुमी बगितलंय. येक शबुद म्हना, मी आत्ता सारवते.”

ते उभे राहिले. ओठ हलले. मग ते म्हणाले, “गुडघे दुखतात.” वळले आणि मोटारीत जाऊन बसले.

गुडघे दुखतात! उभं राहूनही ‘आत’ म्हणता येतं हो. दोन अक्षरं आणि एक काना. त्याला गुडघे लागत नाहीत.

सारजेने हात बादलीत झटकला आणि ती घरी गेली. त्याच चैत्रात ती वारली. जाताना बायांना सांगून गेली, ज्याने बघितलंय त्याने म्हटल्याशिवाय सारवू नका. सरकारही चार वर्षांनी गेले. म्हणजे बघितलेला माणूस आता जगात उरला नाही, आणि ही जागा आता कधीच सारवली जायची नाही.

काय म्हणालात साहेब? ऐंशी वर्षं होऊन गेली, आता कोणाला फरक पडतो? आम्हाला पडतो. या गावात नवी सून पहिल्यांदा ओटा सारवायला बसली की सासू विचारते, “बघितलंस?” ती म्हणते, “बघितलं,” आणि मगच हात लावते. बांधाचं भांडण असो की पोरांच्या गोट्यांचं, इथे पहिलं वाक्य एकच असतं : आधी बघायचं, मग सारवायचं. आणि तुम्ही मोटारीतून उतरून न बघता सारवायला निघालात. तुमचं ते निळं रबर आणि ती चौथ्या पानावरची ओळ, दुसरं काय आहे हे? चिटणिसांचीच हाक आहे ती. सारजे, सारवून घे. फक्त या वेळी सारजा मिळणार नाही. पहाटे अकरा जणी आल्या होत्या, त्यात एक कॉलेजात शिकवते आणि एक तुमच्या नगरपालिकेतच कारकून आहे. विचारून बघा तिला.

सामने सुरू करा. मनापासून सांगतो, करा. मलाही इथे चेंडूचा आवाज ऐकायचाय. पण ती ओळ छापायची असेल तर आमची रीत आहे. ज्याला ती छापायची आहे त्याने पुढे यावं, इथे गुडघा टेकावा, या कोऱ्या जागेकडे नीट बघावं आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणावं, ‘सरकार जिंकले.’ या. हे घ्या तुमचं पत्रक, गुडघ्याखाली घ्या हवं तर, कपडे खराब व्हायचे नाहीत.

कोणी नाही?

बरं. आजही कोणी नाही. आजही अठरावा पत्रा कोरा आहे, आजही ही वीतभर जागा कोरी आहे, आणि आजही रथसप्तमीला इथे नेट बांधून कोर्ट तसंच ठेवतात. चला आता. आले तसेच कडेकडेने चला, मधून जाऊ नका. सारवण अजून ओलं आहे. पाय टाकाल तर ठसा उमटेल.